टास्कबारवरच्या विंडो पुन्हा पुन्हा एकाच चिन्हाखाली गोळा होतात, त्यावरचे उपाय

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे सिंधुदुर्गात सेवा केंद्रांसमोर रांगा सुरू होतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, शिष्यवृत्ती. ऑपरेटरच्या संगणकावर एका वेळी तीन-चार जणांचे अर्ज अर्धवट उघडे असतात. एकाचा ओटीपी यायचाय, दुसऱ्याचं रेशनकार्ड घरी राहिलंय, तिसऱ्याचा फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही. खाली टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीवर, मात्र क्रोमचं एकच चिन्ह. "मगाशी भरललो अर्ज खंय गेलो?" हे वाक्य कुडाळपासून देवगडपर्यंत इतक्या काउंटरांवर कानावर पडतं की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

अर्ज कुठेही गेलेला नसतो. विंडोजने एका प्रोग्रामच्या सगळ्या विंडो एका बटणाखाली घातलेल्या असतात. सेटिंग बदललं की त्या सुट्ट्या होतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांची तक्रार पुढची असते: "सेटिंग केलं होतं, चार दिवस बरं चाललं, आता पुन्हा तसंच." म्हणून आधी सेटिंग कुठे आहे ते थोडक्यात सांगतो आणि मग ते का टिकत नाही याकडे वळतो.

विंडोज ११ मध्ये टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज' उघडा. खाली 'टास्कबार बिहेवियर्स' हा भाग उलगडला की 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' अशी ओळ दिसेल. तिथे तीन पर्याय आहेत. 'ऑलवेज' म्हणजे नेहमी एकत्र आणि नावं लपवलेली. 'व्हेन टास्कबार इज फुल' म्हणजे पट्टीत जागा आहे तोवर सुट्ट्या, जागा संपली की एकत्र. 'नेव्हर' म्हणजे प्रत्येक विंडोचं बटण वेगळं आणि त्यावर तिचं नाव. विंडोज १० मध्येही टास्कबार सेटिंग्जच्या पानावर थोडं खाली हेच तीन पर्याय मिळतात.

ज्यांच्या दुकानात बिलिंगचा एक प्रोग्राम आणि एक ब्राउझर एवढंच चालतं त्यांनी 'ऑलवेज' ठेवलं तरी काही बिघडत नाही. पण जिथे एकाच प्रोग्राममध्ये वेगवेगळ्या माणसांचं काम उघडं असतं तिथे 'नेव्हर'च हवं, असं माझं ठाम मत आहे. एकाच्या अर्जाला दुसऱ्याचं रेशनकार्ड जोडलं गेलं तर अर्ज परत येतो, प्रवेशाची तारीख टळते, आणि त्याची किंमत मोजतं ते गावातून एसटीने आलेलं पोर.

सेटिंग टिकत नाही ते का

पहिलं कारण हे की पुष्कळदा ते गेलेलंच नसतं. मधला पर्याय निवडलेला असतो. सकाळी तीन विंडो असतात तेव्हा सगळं सुट्टं दिसतं. दुपारी गर्दी वाढली, पट्टी भरली, की विंडोज स्वतःच त्या एकत्र करतं. माणसाला वाटतं सेटिंग उडालं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असतो, त्यावर अक्षरं मोठी दिसावीत म्हणून स्केलिंग वाढवलेलं असतं, शिवाय शोधाची लांबलचक चौकट, विजेट्स आणि कधीच न उघडलेली पिन केलेली चिन्हं. मग बटणांना जागा उरते किती? अशा ठिकाणी पर्याय 'नेव्हर' करा, शोधाची चौकट त्याच सेटिंगच्या पानावर 'हाइड' करा, विजेट्स बंद करा आणि नको ती चिन्हं राइट क्लिक करून 'अनपिन' करा. एवढं झालं की अडचण बरीच सुटते. 'नेव्हर' ठेवूनही फारच विंडो झाल्या तर विंडोज ११ उरलेली बटणं तीन टिंबांच्या खाली नेऊन ठेवतं, तेव्हा एखादी दिसली नाही तर तिथेही बघा.

दुसरं कारण विंडोजच्या आवृत्तीचं. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा त्यात विंडो सुट्ट्या ठेवायची सोयच नव्हती. विंडोज ७, ८, १० मध्ये सवयीची झालेली गोष्ट मायक्रोसॉफ्टने काढून टाकली होती, आणि लोकांनी दोन वर्षं तक्रारी केल्यावर २०२३ च्या अखेरीस २३एच२ या आवृत्तीसोबत ती परत दिली. तुमच्या सेटिंगमध्ये ती ओळच दिसत नसेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबून तिथे विनव्हर (इंग्रजीत winver) टाइप करा. आवृत्ती त्याहून जुनी निघाली तर आधी अपडेट करा. आंब्याच्या हंगामात वेळ नाही म्हणून अपडेट थांबवून ठेवलेले आणि पुढे तसेच राहिलेले संगणक आपल्या भागात पुष्कळ आहेत.

तिसरं कारण वापरकर्त्याच्या खात्याचं. हे सेटिंग संगणकाचं नसून लॉगिनचं असतं. सकाळी मालक स्वतःच्या खात्यातून बसतात, दुपारी मुलगी तिच्या खात्यातून बसते. एकाने केलेला बदल दुसरीला दिसत नाही. दोन्ही खात्यांत वेगळं करावं लागतं. याचाच एक जास्त गंभीर प्रकार म्हणजे खातं बिघडल्यामुळे विंडोज प्रत्येक वेळी तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घुसतं. तेव्हा टास्कबारबरोबर डेस्कटॉपवरच्या फायलीही नाहीशा झालेल्या दिसतात आणि तुम्ही केलेलं काहीही पुढच्या लॉगिनला उरत नाही. हे लक्षण दिसलं तर टास्कबार बाजूला ठेवा. त्या खात्यात नवीन काही सेव्ह करू नका, आधी मूळ खात्यातल्या फायली सुरक्षित करा.

दोन पडदे असतील तर दुसऱ्या पडद्यासाठी याच जागी वेगळी ओळ असते, 'ऑन अदर टास्कबार्स' अशी. बरेच होमस्टेवाले लॅपटॉपला टीव्ही जोडून बुकिंगचं कॅलेंडर त्यावर लावतात. लॅपटॉपवर 'नेव्हर' केलेलं असतं आणि टीव्हीवर जुनंच 'ऑलवेज' राहिलेलं असतं. दोन्हीकडे बदला. त्याच्याच जवळ 'व्हेन यूझिंग मल्टिपल डिस्प्लेज' नावाची निवड आहे, तिथे 'टास्कबार व्हेअर विंडो इज ओपन' घेतलं तर ज्या पडद्यावर विंडो असेल त्याच पडद्याखाली तिचं बटण दिसतं. मला ही मांडणी सगळ्यात सोपी वाटते.

शाळेच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत रीस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. ते चालू असताना केलेला कुठलाही बदल दुसऱ्या दिवशी टिकणार नाही. ते थांबवून बदल करायचा, मग पुन्हा चालू करायचं. बँक, पतपेढी किंवा मोठ्या कार्यालयाचा संगणक असेल तर त्यांच्या संगणक विभागाने सगळ्यांसाठी वरून लावलेली पॉलिसीही असू शकते. तिथे स्वतः खटपट करू नका, त्यांच्या संगणक विभागाला सांगा.

आणि कधी कधी सेटिंग बरोबर असूनही पट्टी अडकलेली असते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' म्हणा. पट्टी क्षणभर जाऊन परत येते. उघड्या फोल्डरांच्या विंडो तेवढ्या बंद होतात, क्रोम-एक्सेलला धक्का लागत नाही.

पाच-दहा संगणक सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ही निवड रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, चालू वापरकर्त्याच्या एक्सप्लोरर, ॲडव्हान्स्ड या फांदीत 'टास्कबार-ग्लॉम-लेव्हल' या नावाने, मध्ये रेघ न देता सलग लिहिलेली असते. ० म्हणजे नेहमी एकत्र, १ म्हणजे भरल्यावर, २ म्हणजे कधीच नाही. दुसऱ्या पडद्याची नोंद त्याच जागी, त्याच नावाआधी एमएम ही अक्षरं लागून असते. सेटिंग खरंच बदलतंय की नुसतं तसं वाटतंय, हे तिथे लगेच कळतं.

सुट्ट्या झाल्या, तरी ओळखू येत नाहीत

इथे खरा गुंता आहे आणि याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. विंडोज प्रोग्रामप्रमाणे गठ्ठे बांधतं. आपलं काम मात्र माणसाप्रमाणे चालतं. 'नेव्हर' केल्यावर गठ्ठा सुटतो, पण पट्टीवर चार बटणं ओळीने उभी राहतात आणि चारही बटणांवर त्याच सरकारी पोर्टलचं नाव. माऊस वर नेला तर छोटं चित्र दिसतं, त्यात वरची तीच निळी पट्टी, तीच राजमुद्रा, खाली मुंगीएवढी अक्षरं. नाव कुणाचं आहे ते त्या चित्रात वाचता येत नाही. नावाची चिठ्ठी न लावता रचलेल्या आंब्याच्या पेट्यांसारखं होतं, बाहेरून सगळ्या सारख्या.

क्रोम आणि एज दोन्हीत यावर सोय आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. वर टॅबच्या ओळीत जिथे रिकामी जागा असते तिथे राइट क्लिक करा, 'नेम विंडो' निवडा आणि नाव लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. 'सावंत उत्पन्न', 'परब डोमिसाइल'. तेच नाव टास्कबारच्या बटणावर येतं, आणि ऑल्ट-टॅब दाबल्यावरही दिसतं. तीन टिंबांच्या मेनूत 'मोअर टूल्स'खालीही हीच सोय मिळते. एक पथ्य मात्र पाळायचं: एका माणसाला एक विंडो. त्याचं पोर्टल, त्याचा ईमेल, त्याचा आधारचा टॅब सगळं त्याच विंडोत उघडायचं. टॅब चुकून दुसऱ्या विंडोत उघडला तर तो धरून ओढा आणि योग्य विंडोवर सोडा. नवीन गिऱ्हाईक आलं की कंट्रोल-एन, आधी नाव, मग काम. सेवा केंद्रावरच्या ताईंना हे एकदा हातात बसलं की सेटिंगबद्दल फोन येणंच बंद होतं.

एक्सेलचं दुखणं थोडं वेगळं. आंबा बागायतदाराच्या संगणकावर एप्रिलमध्ये उघड्या असलेल्या फायली अशा असतात: 'आंबा हिशोब २०२५ वाशी', 'आंबा हिशोब २०२५ पुणे', 'आंबा हिशोब २०२५ कोल्हापूर'. बटणावर जागा मावते तेवढंच नाव दिसतं, शेपूट कापलं जातं. परिणामी तिन्ही बटणांवर 'आंबा हिशोब' एवढंच. ज्या शब्दाने फायली वेगळ्या ठरतात तो पुढे आणा: 'वाशी आंबा २०२५', 'पुणे आंबा २०२५'. फाइलचं नाव बदलण्याइतका साधा उपाय, पण वाशीच्या आडत्याची विक्रीची पट्टी पुण्याच्या हिशोबात चढवली जाण्याचा धोका त्याने खूपच कमी होतो. जिथे एक्सेल २०१० अजून चालू आहे तिथे सगळ्या फायली एकाच मोठ्या चौकटीत उघडतात. तिथे फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड यात 'डिस्प्ले' या भागात 'शो ऑल विंडोज इन द टास्कबार' वर खूण आहे का बघा. २०१३ पासून प्रत्येक फाइल आपोआप वेगळ्या विंडोत येते, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही.

पीडीएफचंही असंच. ॲडोबी रीडर सगळ्या फायली एकाच विंडोत टॅब करून उघडतो, म्हणून सातबारा, आठ-अ आणि फेरफार तिन्ही उघडे असले तरी पट्टीवर एकच बटण. टास्कबारच्या सेटिंगने हे सुटणार नाही. रीडरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'जनरल'खाली 'ओपन डॉक्युमेंट्स ॲज न्यू टॅब्ज इन द सेम विंडो' ही खूण काढा आणि रीडर बंद करून परत उघडा. विंडोज ११ च्या नोटपॅडलाही आता टॅब आहेत. त्याच्याही सेटिंगमध्ये फायली नव्या विंडोत उघडायचा पर्याय मिळतो.

'नेव्हर' काय करू शकत नाही

एक मर्यादा आधीच सांगतो, म्हणजे उगाच शोधत बसणार नाही. 'नेव्हर' केलं तरी एका प्रोग्रामच्या विंडो शेजारी शेजारीच राहतात. सावंतांची क्रोम विंडो आणि सावंतांची पीडीएफ जवळ जवळ ठेवायची म्हटली तर विंडोज ते करू देत नाही. मधलं एक बटण ओढायला गेलं तर क्रोमचा सगळा ताफा सरकतो. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला एक ओळखखूण देतं आणि ती ज्यांची सारखी त्यांना एकत्र बसवतं.

पण ही ओळखखूण वेगळी करता येते, तीही बाहेरचं काही न बसवता. क्रोममध्ये उजवीकडे वर गोल चित्र असतं, तिथून नवीन प्रोफाइल तयार करा. प्रत्येक प्रोफाइलचं टास्कबारवर वेगळं बटण होतं आणि क्रोमच्या चिन्हावर त्या प्रोफाइलचं छोटं चित्र येतं. होमस्टेवाल्यांना मी एक प्रोफाइल बुकिंगचं आणि एक घरचं असं करून देतो. बुकिंगचे मेल घरच्या यूट्यूबमध्ये हरवत नाहीत, आणि मे महिन्यात एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाण्याचा प्रसंग टळायला त्याने मदत होते. व्हॉट्सॲप वेबसारखं दिवसभर उघडं राहणारं पान असेल तर क्रोमच्या मेनूत 'कास्ट, सेव्ह अँड शेअर' मधून 'इन्स्टॉल पेज ॲज ॲप' करा. त्याला स्वतःचं चिन्ह आणि स्वतःची विंडो मिळते, ब्राउझरच्या गर्दीतून ते बाहेर पडतं. एजमध्येही 'ॲप्स'खाली हीच सोय आहे. सेवा केंद्रात गिऱ्हाईकाला स्वतःच्या मेलमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये शिरायचं असेल तर त्याच प्रोफाइलच्या मेनूतून 'गेस्ट' विंडो उघडून द्या. ती बंद केली की त्याचं लॉगिन संगणकावर मागे राहत नाही.

माणसाप्रमाणे पूर्ण वेगळं करायचं असेल तर व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरा. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि डी दाबलं की कोरा डेस्कटॉप मिळतो. विंडोज, कंट्रोल आणि डाव्या-उजव्या बाणाने एकातून दुसऱ्यात जाता येतं. विंडोज आणि टॅब दाबून खालच्या चौकटीच्या नावावर क्लिक केलं की नाव बदलता येतं. सावंतांचं क्रोम, पीडीएफ, फोटोचं फोल्डर सगळं त्यांच्या डेस्कटॉपवर. पट्टीवर त्या डेस्कटॉपच्याच विंडो दिसाव्यात म्हणून सेटिंग्ज, सिस्टम, मल्टिटास्किंग, डेस्कटॉप्स इथे टास्कबारसाठी 'ओन्ली ऑन द डेस्कटॉप आय ॲम यूझिंग' हा पर्याय हवा. डेस्कटॉप बंद केला तर त्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात, हे लक्षात असू द्या. दोन-तीन माणसांपुरतं हे उत्तम चालतं. त्यापेक्षा जास्त झालं की बाणांनी मागेपुढे करण्यात वेळ जातो. अशा वेळी नाव दिलेल्या विंडोच बऱ्या.

विंडो एकत्र ठेवणंच ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी एक कळ: कंट्रोल दाबून त्या चिन्हावर क्लिक करत राहिलात तर छोटी चित्रं न येता एकामागून एक विंडो थेट समोर येतात. शिफ्ट धरून क्लिक केलं तर त्याच प्रोग्रामची नवीन विंडो उघडते.

बाहेरची साधनंही आहेत. विंडोज १० साठी सेव्हन प्लस टास्कबार ट्वीकर बरीच वर्षं चांगलं चाललं. विंडोज ११ च्या नव्या टास्कबारवर ते चालत नाही, तिथे विंडहॉक या साधनात गट मोडण्याचं मॉड, म्हणजे छोटी जोड, मिळते. एक्सप्लोररपॅचर आणि स्टार्टऑलबॅक हीही नावं ऐकली असतील. ही साधनं विंडोजच्या आतल्या भागांना हात घालतात, त्यामुळे मोठ्या अपडेटनंतर पट्टी गायब होणं किंवा अपडेटच अडून बसणं असे प्रकार होतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीच्या वेळी तसं झालंही. घरच्या संगणकावर हौसेने वापरा. ज्या संगणकावर रांगेतल्या माणसाचं काम अडून राहतं, तिथे मी ती बसवत नाही.

पावसाळ्यात वीज गेली की मांडणीचं काय, हेही बरेच जण विचारतात. टास्कबारचं सेटिंग राहतं, उघड्या विंडो अर्थातच जातात. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'ऑन स्टार्टअप'खाली 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडून ठेवा, म्हणजे टॅब परत येतील. पण पोर्टलचं लॉगिन आणि न साठवलेला अर्ज परत येईलच असं नाही, तेव्हा प्रत्येक पान भरल्यावर 'सेव्ह' दाबायची सवय आपल्या भागात हवीच.

लिनक्स मिंट वापरणाऱ्यांना हाच प्रश्न १९.१ पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून येतो, कारण तेव्हापासून सिनॅमन या त्याच्या डेस्कटॉपमध्ये विंडोंचे गट करणारी यादी मुळातच लावलेली असते. पॅनेलवर त्या यादीच्या चिन्हावर राइट क्लिक करून तिच्या प्रेफरन्सेसमधल्या 'कॉन्फिगर'मध्ये जा आणि प्रोग्रामप्रमाणे गट करण्याची खूण काढा. नावं दिसण्यासाठी बटणाच्या लेबलचा पर्यायही तिथेच आहे. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपमध्ये 'आयकॉन्स-ओन्ली' ऐवजी साधा 'टास्क मॅनेजर' घेऊन गट 'डू नॉट ग्रुप' करा. एक्सएफसीई डेस्कटॉपमध्ये 'विंडो बटन्स'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'विंडो ग्रुपिंग' हे 'नेव्हर' केलं की झालं.